घरी फोन लावायच्या आधी पोराला विचारा

राज्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघात बसणारे आईबाप यांस,

स.न.वि.वि.

मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. पत्र लिहायची सवय दहावीच्या मराठीच्या पेपरनंतर सुटली ती सुटलीच, त्यामुळे कुठे वेलांटी चुकली तर सांभाळून घ्या आणि लाल पेन घेऊन बसू नका, लाल पेनाचा विषय पुढे येणारच आहे. हे पत्र कुठल्या एका शाळेला नाही. आमची जी शाळा होती तिचं नाव मी लिहिणार नाही, कारण जे आमच्याकडे झालं ते तुमच्यापैकी निम्म्या ऑफिसांमध्ये तसंच झालं असतं याची मला खात्री आहे.

मागणी एकच आहे, आणि ती ऐकून तुम्हाला वाटेल ही बाई उलटंच बोलतेय. तुमच्या वर्गातलं एखादं पोर तुमच्यापाशी येऊन हळूच म्हणालं की बाई, मी मुलगी नाहीये मुलगा आहे, किंवा मुलगा म्हणून वाढलेलं पोर म्हणालं मी मुलगी आहे, तर लगेच आमच्या घरी फोन लावू नका. आधी त्या पोराला विचारा की घरी सांगितलं तर काय होईल. आईला सांगू नका हे एक आईच तुम्हाला सांगतेय.

आता आमची गोष्ट सांगते, म्हणजे असं का म्हणतेय ते कळेल. आमचं पोर मुलगी म्हणून वाढलं, पण आहे मुलगा, म्हणून मी 'तो'च लिहिते.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. आमच्याकडे बाया-पोरी सगळ्या 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असंच बोलतात, पुण्यामुंबईच्या लोकांना त्याची गंमत वाटते, आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही. त्यामुळे माझं पोर लहानपणापासून 'मी जातो गं खेळायला' म्हणायचं तेव्हा कुणाच्या कानाला काही खटकलं नाही, खटकणार तरी कसं, मी पण तसंच बोलायचे. तो सातवीत असताना ह्यांना भोसरीला कंपनीत काम लागलं आणि आम्ही पुण्यात आलो. इथे माझ्या गिऱ्हाईक बायका माझ्या बोलण्याला हसायला लागल्या, 'अहो, तुम्ही काय पुरुष आहात का', हसून म्हणायच्या पण म्हणायच्या. मग मी महिन्याभरात सुधारले, 'करते, येते, शिवून ठेवते' असं बोलायला लागले, धंद्याचा प्रश्न होता. पोर काही सुधारलं नाही. वर्गातल्या मुली हसल्या तरी 'मी जातो'च. आम्ही म्हटलं कोल्हापूरचा पीळ आहे, जाईल हळूहळू.

नववीत मराठीच्या बाईंनी निबंध दिला, 'माझे स्वप्न'. त्याने लिहिलं की मी लहान होतो तेव्हा मामाच्या ट्रकमध्ये बसायचो, मामा गाडी रिव्हर्स घ्यायचा तेव्हा मागे उभा राहून हात दाखवायचो, मला मोठा ट्रक चालवायचाय. बाईंनी 'होतो'ला गोल केला, 'बसायचो'ला गोल केला, 'उभा'ला गोल केला. अकरा लाल गोल आहेत, मोजलेत मी, ती वही अजून माझ्या कपाटात आहे. खाली लिहिलंय, 'होते, बसायचे, उभी असे लिही. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.' आणि निबंध परत लिहून आणायला सांगितला. त्याने परत लिहून नेला, अक्षर पहिल्यापेक्षा चांगलं काढून, आणि एकही शब्द न बदलता.

मग बाईंनी त्याला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं आणि विचारलं. बाई वाईट नव्हत्या हं, हे मुद्दाम सांगते, त्यांनी नीट विचारलं, ओरडल्या नाहीत, म्हणून तर त्याने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडाने सांगितलं त्याने. आणि शेवटी म्हणाला, बाई, घरी सांगू नका. बाई म्हणाल्या नाही सांगणार. तिसऱ्या दिवशी आम्हाला ऑफिसातून फोन, दोघांनी उद्या येऊन भेटा. बाई घाबरल्या असणार, नोकरीचा प्रश्न, उद्या काही झालं तर आपल्यावर येईल, मग त्यांनी वरती सांगितलं आणि वरतून आम्हाला फोन आला.

ऑफिसात मुख्याध्यापिका समोर, बाजूच्या टेबलावर क्लार्क फीच्या पावत्या फाडतोय, दारात शिपाई मावशी, कोपऱ्यात पोर उभं, टेबलावर ती वही. आम्हाला वाटलं होतं कॉपी केली असेल नाहीतर मारामारी. मॅडम म्हणाल्या, 'तुमची मुलगी स्वतःला मुलगा समजते, घरी तुमचं लक्ष आहे का? मोबाइल किती वेळ असतो हातात? इतर मुलींच्या पालकांच्या तक्रारी यायच्या आधी काय ते बघा.' क्लार्कचा हात थांबला होता, तो ऐकत होता. सगळं मिळून सात-आठ मिनिटं झाली असतील. आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही, म्हणजे पाण्याचं नाही हो मला काही, पण एवढी मोठी गोष्ट पोटात घालून तुम्ही दोन माणसांना रस्त्यावर सोडता तेव्हा निदान दोन मिनिटं बसा तरी म्हणावं.

घरी आल्यावर मी काय केलं ते लिहायचं की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. ह्यांचं मत नको. तो म्हणाला लिही, नाहीतर पत्राला अर्थ नाही. माझ्या कटिंगच्या टेबलावर लाकडी पट्टी असते, ती घेऊन मारलं मी त्याला. पट्टी मोडली. काय काय बोलले ते नाही लिहीत. हे नुसते खुर्चीत बसून होते, टीव्ही चालू, मधे पडले नाहीत आणि थांबही म्हणाले नाहीत. पहाटे उठले तर अंथरूण रिकामं. स्वारगेट, शाळा, मैत्रिणींची घरं, सगळीकडे फिरलो, पोलीस चौकीच्या पायरीवर होतो तेव्हा सासूबाईंचा फोन आला कोल्हापूरहून. "लेकरू माझ्याकडं आलंय. जेवलंय. तुम्ही दोघंबी आठ दिस हिकडं फिरकू नका."

रात्रीच्या एसटीने एकटा गेला होता, चौदा वर्षांचं पोर. त्याला आजी होती म्हणून एसटी कुठली पकडायची ते माहीत होतं. ज्याला आजी नसते ते पोर कुठे जातं याचा विचार मी करत नाही, केला की मला मशीनवर बसवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई तुम्ही मारलंत त्यात शाळेचा काय दोष. बरोबर आहे, हात माझा होता. पण मला सांगा, आम्हाला सांगायची घाई कुणाला होती? पोराला नव्हती. त्याच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं, दहावीचा निकाल लागल्यावर आधी आजीला सांगायचं, मग आजीला घेऊन आम्हाला. चांगला प्लॅन होता. आम्हाला ओळखून केलेला प्लॅन होता, आमच्यापेक्षा आम्हाला तोच जास्त ओळखत होता. तो तुम्ही सात मिनिटांत मोडलात. आणि आमच्या हातात काय दिलंत, तर लाज. क्लार्कसमोरची लाज. ती लाज घेऊन घरी आलेला माणूस काय करणार आहे हे वीस-पंचवीस वर्षं पालकांना बोलावणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. प्रगतिपुस्तक दिलं की संध्याकाळी कुणाच्या घरी पट्टी निघते हे तुम्हाला पाठ असतं.

आणि हो, कुणीतरी म्हणेलच की आईबापाचा हक्क आहे, शाळेने लपवायचं का? मला पण आधी तसंच वाटायचं. पण लपवणं वेगळं आणि थोडं थांबणं वेगळं. पोराच्या जिवाला धोका असेल, त्याने हातावर काही करून घेतलं असेल, तर सांगा, तेव्हा धावत येऊन सांगा. नुसतं 'मी मुलगा आहे' म्हणालं तर त्याने घर काही जळत नाही. त्याला विचारा, कुणाला आधी सांगायचं, आईला की मावशीला, तू सांगणार की मी बरोबर बसू, आत्ता की परीक्षेनंतर. एवढं विचारायला जीआर लागत नाही.

सासूबाईंचं एक सांगायचं राहिलं. त्यांना कळल्यावर त्या पहिल्यांदा म्हणाल्या देवीचं काहीतरी राहिलंय, सौंदत्तीला जाऊन येऊ. त्यांनी आयुष्यभर यल्लमाचे जोगते बघितलेत, साडी नेसून परडी घेऊन दारात येणारे, त्यांना जोगवा घातलाय, पाया पडल्यात. पण ते सगळे मुलगे म्हणून जन्मलेले. मुलीचा मुलगा हे त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं, खरं तर आपल्याकडे कुणीच फारसं ऐकलेलं नसतं, तृतीयपंथी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळी वाजवणारं माणूस येतं आणि तिथेच डोकं थांबतं. पण गंमत बघा, बोलण्यात सासूबाईंना काहीच बदलावं लागलं नाही. त्या त्याला जन्मापासून 'लेकरू'च म्हणतात. लेकरू आलं, लेकरू जेवलं, लेकरू रुसलं. मराठीत ही एक सोय आहे, आपण पोरांना ते म्हणतो, बाळ रडलं म्हणतो, तिथे ती की तो हा प्रश्नच येत नाही. मी पण मग सुरुवातीला तेच धरलं. 'ती' म्हणवत नव्हतं, 'तो' तोंडातून निघत नव्हतं, मग सहा-सात महिने 'ते'. ते आलं का, ते झोपलं का. तो म्हणाला, आई चालेल मला, 'ते' म्हण, निदान तू कुठेतरी निघालीयेस.

मधल्या काळात आम्ही काय काय केलं ते ऐका, कारण तुम्ही बोलावलेले बाकीचे आईबाप पण हेच करणार आहेत. उतारा झाला, लिंबू-नारळ झाला. ह्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरकडे नेलं, तो म्हणाला इंजेक्शनांचा कोर्स करू, मुलीसारखं वाटायला लागेल, आणि अठरा झाली की लग्न उरकून टाका. आम्ही पैसे भरायला तयार होतो. पोर दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिलं, आत येईना. तेवढ्यात बाहेर नंबरला बसलेल्या एका ओळखीच्या बाईंनी, माझं जुनं गिऱ्हाईक, एका समुपदेशक ताईंचा पत्ता दिला. त्या पहिल्या दिवशी पोराशी बोलल्याच नाहीत, आमच्याशीच दोन तास बोलल्या. मला म्हणाल्या, तुम्हाला रडायचंय ते इथे रडा, त्याच्यासमोर नको, त्याला वाटतं त्याने तुम्हाला आजारी पाडलं. मी रडले. मी त्याला आठवीत घेतलेल्या पैंजणांसाठी रडले, मला स्वतःला आता हसू येतं, पण पैंजणांसाठीच रडले.

ह्यांना मात्र रडण्यापेक्षा कागद पटतो, फिटर माणूस. ताईंनी त्यांना सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांची नवी यादी मंजूर केली, २०२२ पासून ती लागू आहे, आणि त्यात हे मानसिक आजारांच्या प्रकरणातून बाहेर काढलंय. आणि २०२२ मध्येच आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय की असं 'सुधारून देण्याचं' औषधपाणी करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. हे दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, म्हणजे तो इंजेक्शनवालाच चुकीचा? त्या दिवसापासून ते आमच्या घरातले वकील झाले. रात्री जेवण झालं की फोनवर काहीतरी वाचत बसायचे आणि मला ऐकवायचे. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या केसमध्ये, 'नालसा'च्या निकालात सांगितलं की माणसाने स्वतःचं लिंग स्वतः ठरवायचं. २०१९ मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा आला, त्यात शाळेत भेदभाव करायचा नाही असं लिहिलं, आणि असं पोर केवळ तसं आहे म्हणून कोर्टाच्या आदेशाशिवाय आईबापांपासून तोडायचं नाही असंही लिहिलं. २०२० मध्ये नियम आले, त्यात शिक्षणसंस्थेत त्रास झाला तर दाद मागायला समिती पाहिजे असं म्हटलं. तुमच्या शाळेत आहे का हो अशी समिती? मी विचारलं होतं. क्लार्क म्हणाला सखी सावित्री समिती आहे, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षेसाठी असते ती.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. तुम्हाला तरी कुणी शिकवलंय? २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी याच विषयावर एक मार्गदर्शिका काढली होती, युनिफॉर्म, टॉयलेट, चिडवणं, सगळं त्यात होतं म्हणतात. ती वेबसाइटवर आली आणि आक्षेप घेतल्यावर थोड्याच दिवसांत खाली उतरवली. म्हणजे तुम्हाला पुस्तक दिलं आणि उघडायच्या आत काढून घेतलं. मग तुम्ही घाबरून आम्हाला फोन लावता, आम्ही घाबरून पट्टी उचलतो, आणि न घाबरलेलं असतं ते फक्त मार खाणारं पोर, कारण त्याला स्वतःबद्दल सगळं माहीत असतं.

कळत नाही म्हणायला लाज वाटत असेल तर एक उदाहरण देते, ह्यांचं आवडतं आहे. मद्रास हायकोर्टात २०२१ मध्ये दोन मुलींची केस आली होती, एकमेकींबरोबर राहणाऱ्या, आईबापांनी हरवल्याची तक्रार दिलेली. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी काय केलं, तर मला या विषयातलं पुरेसं कळत नाही असं म्हणून ते स्वतः मानसशास्त्रज्ञांपुढे समजून घ्यायला बसले, त्या मुलींना आणि त्यांच्या आईबापांनाही समुपदेशनाला पाठवलं, आणि मग ७ जूनला आदेश दिला, त्यात अशा लोकांना 'बरं करण्याच्या' उपचारांवर बंदी घाला असं सांगितलं. हायकोर्टाचा जज्ज शिकायला बसतो. तुमच्या स्टाफरूममध्ये एक शनिवार दुपार काढून कुणाला तरी बोलवायला काय हरकत आहे, चहा मी पाठवते.

माझं शिकणं कुठे झालं ते सांगते, ते कोर्टात नाही झालं. दहावीच्या सुट्टीत मी त्याला पहिला शर्ट शिवायचं ठरवलं. निळा चेक्सचा कपडा, कॉटन. इतकी वर्षं लेडीज शिवते मी, हात आपोआप चालतो. छातीवर टक्स घ्यायचे नाहीत, सैल ठेवायचं, खांदा रुंद, सगळं लक्षात ठेवून केलं आणि मोठ्या कौतुकाने त्याला घातला. तो आरशात बघत बघत गप्प झाला. मी म्हटलं काय झालं. म्हणाला, 'आई, बटणं.' पुरुषांच्या शर्टाला बटणं उजवीकडे आणि काजं डावीकडे असतात, बायकांच्या उलटी. मी सवयीने बायकांच्या बाजूला लावली होती. तुम्ही म्हणाल एवढंसं काय. पण त्याला शर्ट घालताना कळलं, बोटांना कळलं. तीन तास बसून मी दोन्ही पट्ट्या उसवल्या आणि परत केल्या, काजं तर मिटत नाहीत, ती पट्टीच नवीन कापून लावली. जुन्या टाक्यांच्या भोकांची एक रेघ अजून दिसते जवळून बघितलं तर. तोच शर्ट तो सगळीकडे घालतो, आता कॉलर विटली तरी.

बोलण्याचं पण तसंच आहे, काजं मिटत नाहीत. 'आली का रे, आपलं, आला का' असं दिवसातून दहा वेळा. तो म्हणायचा चुकलीस तर माफी मागत बसू नको, बरोबर करून पुढे जा, तू माफी मागायला लागलीस की मलाच तुझी समजूत काढावी लागते. आणि एकदा रात्री ताटं घासताना माझ्या डोक्यात आलं की गिऱ्हाईक हसतात म्हणून मी माझी जन्माची बोली एका महिन्यात बदलली होती, आणि पोटच्या पोरासाठी 'आली'चं 'आला' करायला मला दीड वर्ष लागलं. हे मी ह्यांना सांगितलं नाही. आता वाचतील.

हे त्याला एका रविवारी सलूनमध्ये घेऊन गेले होते, न सांगता. न्हाव्याने विचारलं कसे कापू, हे म्हणाले, 'माझे कापतोस तसे.' बस. घरी आल्यावर मी बघितलं तर दोघांच्या मानेवर पावडर सारखीच. रोज सकाळी ज्याच्या दोन वेण्या मी इतक्या करकचून घालायचे की त्याचे डोळे वर ओढले जायचे, लाल रिबिनी बांधायचे, आणि तो 'आई दुखतं' म्हणायचा, मी म्हणायचे सरळ बस. ते केस नव्हते दुखत हे मला आत्ता कळतंय.

शाळेने पुढे काही चांगलं केलं नाही असं नाही. वीस दिवसांनी तो परत शाळेत आला तेव्हा पीटीच्या सरांनी काही न विचारता सांगून टाकलं की याला रोज ट्रॅकपँट चालेल, पायाला त्रास आहे म्हणून. पायाला काही नव्हतं. आणि त्याच शिपाई मावशी, दारात उभ्या असलेल्या. त्यांनी एक दिवस त्याला खालच्या दिव्यांग टॉयलेटची चावी दिली. मी दोन वर्षं त्याला ओरडत होते की पाण्याची बाटली भरलेली परत का आणतोस, पाणी पीत नाहीस, युरिन इन्फेक्शन झालं तर डॉक्टर पण म्हणाले मुली पाणी पीत नाहीत. तो मुद्दाम प्यायचा नाही. प्यायलं की जावं लागतं, मुलींच्यात जायचं नाही, मुलांच्यात जाता येत नाही, म्हणून सकाळी सात ते दुपारी एक कोरडा. मावशींनी ते बघितलं होतं, बाटली कुणाची भरलेली जाते ते. तुमच्या ऑफिसातल्या कुणालाच दिसलं नव्हतं.

आणि क्रेप बँडेज. मला ते कपड्यांत सापडायचं, वाटायचं खेळताना पाय मुरगळतो. छातीला बांधायचा तो, पीटीच्या तासाला चक्कर येऊन पडला तेव्हा शाळेने डायरीत लिहून पाठवलं, 'सकाळी नाश्ता देत जावा.' ताईंनी नंतर सांगितलं की क्रेप बँडेज कधीच नाही, बरगड्यांना आणि श्वासाला त्रास होतो, त्यासाठी वेगळा बाइंडर मिळतो, तोही आठ तासांच्या वर नाही आणि झोपताना अजिबात नाही. हे लिहितेय कारण वाचणाऱ्यांमध्ये एखादी आई असेल जिच्या धुण्यात बँडेज निघत असेल. सगळ्यांचा पहिला प्रश्न ऑपरेशनचा असतो, आमच्या नातेवाइकांचा तर दुसरा प्रश्नच नसतो. अहो, नववीतल्या पोराचं कसलं ऑपरेशन, तेव्हा प्रश्न होता केसांचा, कपड्यांचा, नावाचा आणि लघवीचा.

नावाचं म्हणाल तर ते अजून अर्धवटच आहे. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जुनंच नाव गेलं, तेव्हा आमची हिंमत नव्हती. राजपत्रात नाव बदलायला अठराच्या आतल्या मुलाच्या वतीने आईबापांनी अर्ज करायचा असतो, आम्ही दोघांनी सह्या केल्या तेव्हा तो अकरावीत होता, आणि आता प्रत्येक ठिकाणी मार्कशीट एका नावाची, आधार एका नावाचं, आणि मधे ते राजपत्राचं पान. तुमच्याकडे नववीत कुणी असेल तर फॉर्म भरायच्या आधी त्याला आणि त्याच्या घरच्यांना, घरचे तयार असतील तर, एवढं सांगा. सक्ती नाही. पण माहिती पाहिजे.

घरचे तयार कसे होतात हेही सांगते. दुसऱ्या आईबापांना बघून होतात. मला ताईंपेक्षा जास्त मदत एका बाईंची झाली, ज्यांची मुलगी आधी मुलगा म्हणून वाढली होती, त्यांनी मला फोनवर पहिलं वाक्य विचारलं, 'जेवलात का?' मुंबईत 'स्वीकार' म्हणून अशा पालकांचा गट आहे, २०१७ पासून. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या हक्काची केस चालू होती तेव्हा त्यांच्या चारशेहून जास्त आईबापांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं. चारशे! मी तोपर्यंत समजत होते की हे अख्ख्या महाराष्ट्रात फक्त आमच्या घरात घडलंय. तर तुम्ही आम्हाला बोलावणारच असाल, पोराने हो म्हटल्यावर, तर क्लार्कला बाहेर पाठवा, वही टेबलावर मांडू नका, 'लक्ष आहे का' हे वाक्य गिळा, आणि निघताना आमच्या हातात अशा एखाद्या माणसाचा नंबर द्या. रागाने आलेल्या बापाला पण तो नंबर खिशात राहतो, महिन्याभराने कपडे धुताना बायकोला सापडतो.

मागच्या दिवाळीत मराठीच्या बाई माझ्याकडे आल्या होत्या, ब्लाउज घेऊन. त्यांना माहीत होतं मी कोण, मलाही माहीत होतं. माप घेताना दोघी गप्प. मग त्यांनी विचारलं, 'कसा आहे?' कसा. मी टेप तशीच धरून उभी राहिले, छत्तीस लिहायचं ते अडतीस लिहिलं. म्हटलं बरा आहे, ट्रकचं खूळ अजून आहे. त्या म्हणाल्या तो निबंध चांगला होता. मी म्हटलं वही आहे माझ्याकडे. एवढंच झालं. ब्लाउज सैल झाला तो नंतर आवळून दिला, पैसे घेतले नाहीत.

हे पत्र त्याने वाचलंय. दोन ठिकाणचं काढायला लावलं, एका ठिकाणी मी चुकून 'तिला' लिहिलं होतं ते त्याने बोटाने गोल करून दाखवलं आणि स्वतःच हसला. त्याचं नाव लिहू नको म्हणाला म्हणून माझंही लिहीत नाही.

थांबते आता, लग्नसराई आहे, सात ब्लाउज पडलेत आणि त्यातले दोन उद्या सकाळी दहाच्या आत द्यायचेत.

आपली,
एक आई
कोल्हापूरची, सध्या मुक्काम पुणे